अठराव्या दिवशीची शांतता

दिघीतल्या आमच्या इमारतीत मध्यरात्र दुपारी बारा वाजता होते. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी थर्ड शिफ्टवाला राहतो, सकाळी आठला घरी येतो आणि दुपारी दोनपर्यंत झोपतो. त्यामुळे त्या वेळात कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही, दारावरची बेल तर सगळ्यांनीच काढून टाकलेली. आमच्या खिडकीला मी कंपनीतल्या खोक्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. लग्न होऊन आली तेव्हा बायको या अंधाराला हसली होती. महिनाभरात तीही चपला हातात घेऊन जिना चढायला लागली.

मग आमची मुलगी झाली, आणि तिला हा करार कुणी सांगितलाच नव्हता.

ती रडायची म्हणजे काय रडायची! सकाळी नऊला सूर लावला की बारापर्यंत विश्रांती नाही. चौथ्या मजल्यावरचा माझा सहकारी कंपनीच्या बसमध्ये डोळे चोळत म्हणायचा, "भावा, तुझ्या पोरीला कंपनीत लाव राव. भोंग्याचं काम होईल." खाली मालकीणकाकू राहतात. या गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या शेजारी म्हैस अजून बांधलेली आहे, आणि तिच्यापुढे मोटारींना काही किंमत नाही. त्या खालूनच ओरडायच्या, "अगं, पोरीला काय टोचतंय का बघ की!" आम्ही ओशाळून दार लावून घ्यायचो.

माझी सासू बाळंतपणाला लातूरहून इकडे आली होती, पण सोयाबीन काढायला आलं म्हणून दोन आठवड्यांनी तिला परत जावं लागलं. मग आम्ही दोघंच. मी चाकणला क्वालिटीत आहे. लाइनवरचा माल तपासतो, माझ्या सहीशिवाय एक पेटी हलत नाही. या गोष्टीचा मला बऱ्यापैकी माज होता. घरात मात्र माझी सही कुणी विचारत नव्हतं.

मुलगी अठरा दिवसांची झाली त्या सकाळी मी घरी आलो तर ती झोपलेली. मी आडवा झालो आणि एकदम दोनला जागा झालो. सहा तास! बाप झाल्यापासून इतका वेळ मी सलग झोपलो नव्हतो. बायकोही झोप झाल्यामुळे टवटवीत दिसत होती. म्हणाली, "पहाटे थोडं दूध प्यायली. मग दोनदा उठवलं, पण घेतलंच नाही, परत झोपली. शहाणी झाली बघा." मला अभिमान वाटला. बापाची शिफ्ट पोरीला कळली, असं मी खरोखर मोठ्यांदा म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

आम्ही निवांत जेवलो. बायकोने चहाचं आधण ठेवलं आणि मालकीणकाकू धापा टाकत वर आल्या.

"सकाळधरनं आवाज न्हाई पोरीचा. गावाला धाडली का काय?"

"नाही काकू, झोपलीय. शहाणी झाली आता," मी म्हणालो.

मला वाटलं, बाई खूश होतील. त्या थेट आत गेल्या, दुपट्यात हात घालून मुलीचे पाय चाचपले आणि तळव्यावर टिचकी मारली. मुलीने ओठ जरासे वाकडे केले. बस, तेवढंच. काकूंनी करंगळी तिच्या तोंडात घातली, तर तिने ती चोखलीही नाही.

"ही झोप न्हाई," काकू म्हणाल्या. "हातपाय गार हायेत. उठा, दवाखान्यात चला."

"चहा घेऊन निघू," मी म्हणालो. हेसुद्धा मीच म्हणालो.

"आरं, रेडकू आचळाला लागलं न्हाई तर आमी डॉक्टर आल्याबिगर तोंडात पाणी घेत न्हाई, आन् तू चहा पितोस? गॅस बंद कर तो!"

आपल्या पोरीची तुलना म्हशीच्या रेडकाशी झाली याचा मला क्षणभर राग आला. मग मी मुलीला उचललं. ती हातात नुसती ओघळली. बायकोने गॅस बंद केला तोवर मी तिला घेऊन जिन्यात होतो.

रिक्षात काकू आमच्याबरोबर बसल्या. रिक्षावाल्याला एकदा "चल की लवकर" आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला "आरं, हळू" असं त्या आलटून पालटून ओरडत होत्या. बायको मुलीला छातीशी धरून एकच वाक्य म्हणत होती, "मला कसं कळलं नाही?" कळलं मलाही नव्हतं.

मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी मुलीच्या छातीवर अंगठा दाबला, सोडला आणि त्या जागेवर रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. श्वास मोजले. मग एका बाजूला सिस्टरला भराभर सूचना आणि दुसऱ्या बाजूला आम्हाला, असं त्या एकाच वेळी बोलायला लागल्या. "सेप्सिस वाटतोय. जंतुसंसर्ग रक्तात गेलाय आणि सगळ्या शरीरावर त्याचा ताण येतोय. तपासणीसाठी रक्त घेते आणि लगेच अँटिबायोटिक सुरू करते."

आणि माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. "मॅडम, आधी रिपोर्ट येऊ द्या ना. एवढ्याशा जिवाला इतकी कडक औषधं..."

"रिपोर्ट दोन दिवसांनी येईल. तोवर ही थांबणार नाही." त्यांचे हात चालूच होते. "काम काय करता?"

"क्वालिटीत आहे."

"लाइनवर सलग खराब माल यायला लागला तर काय करता?"

"लाइन बंद करतो."

"कारण सापडल्यावर?"

"नाही. आधी बंद. कारण नंतर शोधायचं."

"मग मलाही तेच करू द्या."

मी मान डोलावली. सिस्टरने तोवर त्या काडीएवढ्या हातात शीर शोधून सुई बसवली होती. तपासणीच्या रक्ताची छोटीशी बाटली भरून बाजूला गेली आणि लगोलग पहिला डोस आत गेला. सिस्टरने कागदावर वेळ लिहिली, चार वाजून दहा. आम्ही दारातून आत शिरून अर्धा तासही झाला नव्हता. मी आयुष्यात हजारो कागदांवर वेळा लिहिलेल्या पाहिल्यात, पण ती वेळ वाचताना मला आकडे दिसेनात.

पुढचे जवळजवळ दोन दिवस आम्ही बाहेरच्या बाकावर काढला. आत फक्त बायकोला बोलवायचे, तेही थोडा वेळ. काकू म्हशीची धार काढायला घरी जायच्या आणि भाकरी घेऊन परत यायच्या. "बरी हुईल. आता बरीच हुईल," असं त्या दोनदा म्हणायच्या, एकदा आम्हाला आणि एकदा बहुधा स्वतःला. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आतून एक आवाज आला. आधी बारीक, दार करकरल्यासारखा. मग मोठा. मग तो सूर! बायको ताडकन उठली. दार उघडून सिस्टर बाहेर आली, कपाळाला आठ्या घालून. "तुमचीच ना? अहो, सगळी बाळं उठवली तिने."

मी सिस्टरला चक्क नमस्कार केला. चौथ्या मजल्यावरच्या सहकाऱ्याला फोन लावून तो दाराच्या दिशेने धरला. तो झोपेतून उठला होता. त्याने तो सूर ऐकला आणि म्हणाला, "वाजू दे राव, वाजू दे!" मग त्याचाही आवाज चिरकला. इकडे मी हसत होतो, रडत होतो, आणि काकू मला पदराने तोंड पुसायला सांगत होत्या. पदर अर्थात त्यांचाच.

त्याच दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. रक्तात जंतू सापडले होते आणि सुरू केलेलं औषध त्यांच्यावर चालणारं होतं. वाट बघितली असती तर कागद हाच आला असता, पण तो घ्यायला आम्ही कोणत्या तोंडाने उभे राहिलो असतो कोण जाणे. "सही करायची का?" बाईंनी गमतीने विचारलं. मी खिशातलं पेन काढून त्यांच्याच हातात दिलं.

पाचव्या दिवशी मुलगी हातपाय झाडायला लागली, तसा मी घरी नेण्याचा विषय काढला. डोस पूर्ण झाल्याशिवाय दार उघडणार नाही, असं बाईंनी सांगितलं. दहा दिवस पूर्ण करूनच आम्ही घरी आलो. दुपारचे बारा वाजले होते. आमच्या मध्यरात्री सगळी इमारत जिन्यात उभी होती, लुंगीवर, बनियनवर, झोपाळू डोळ्यांनी. काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि त्यांची म्हैस तेवढ्यात हंबरली.

सव्वा महिना झाल्यावर बायको म्हणाली, "देवळात जायचंय. नारळ घ्या."

मला वाटलं, पोरगी वाचली म्हणून. वाटेत ती एकदम थांबली. मुलगी तिच्या खांद्यावर होती.

"तुम्हाला एक सांगायचंय. हिला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी मी नवस बोलले होते. पोरगी शांत होऊ दे, तुझ्यापुढे नारळ फोडीन, म्हणून." तिने खांद्यावरच्या मुलीला आणखी जवळ घेतलं. "दुसऱ्या दिवशी ती खरंच शांत झाली. मला वाटलं, देवानं ऐकलं. मी इतकी खूश झाले होते हो त्या दिवशी."

"मी पण झालो होतो," मी म्हणालो. त्यानंतर इतके दिवस आम्ही दोघांनीही त्या आनंदाचा विषय टाळला होता. रस्त्यात तिचा हात धरायची मला लाज वाटते, पण मी धरला.

देवळात तिने हात जोडले आणि पुजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "देवा, माझं मागणं चुकलं. ते मी परत घेते. नारळ तेवढा तू ठेवून घे."

मी नारळ फोडला. त्या आवाजाने मुलगी दचकली आणि तिने असा टाहो फोडला की देवळातली माणसं वळून बघायला लागली. पुजारी म्हणाले, "अहो, जरा गप्प करा तिला."

"नाही करणार, काका," बायको म्हणाली.