पंचावन्नच्या आतले

तुम्हाला कधी कुणी सांगितलंय, "तुमचं वय लहान आहे, इथे राहू नका"? मला सांगितलं होतं, आणि तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते! केस पिकायला लागलेले, एक दाढ पडलेली, आणि गेटवर उभं करून मला विचारायचे, "पंचावन्न पूर्ण का?"

अलिबागजवळ समुद्राकाठी पेन्शनर मंडळींनी सोसायटी काढून एक वसाहत बांधली होती, तिथले हे किस्से. वालाचा एक वेल ओढला की शेजारचे चार हातात येतात, तसं यांचं आहे. एक सांगायला बसले की बाकीचे मागून येतातच.

नियम एकच होता. वसाहतीत राहायचं तर वय पंचावन्नच्या वर हवं. पोराटोरांचा गोंगाट नको, चिंचेवर दगड नकोत, दुपारची झोपमोड नको. पाहुण्याला तीन रात्रींची मुभा, चौथ्या दिवशी त्याने निघायचं. चेअरमन रावसाहेब म्हणजे रिटायर्ड मामलेदार. हा नियम त्यांनी स्वतः केलेला, आणि ते त्याला पोटच्या पोरासारखा जपायचे. वसाहतीत पोर म्हणून तेवढं एकच होतं!

माझे वडील भाऊ तिथले मेंबर. त्यांची नजर गेली होती. स्टोव्ह पेटवताना एकदा धोतराचा सोगा जळाला, तेव्हा मी मुंबईची खोली सोडून त्यांच्याकडे आले. मी विधवा, मागे कुणी नाही. मी गेले असते तर भाऊ एकटे पडले असते. पण नियमात ते कुठे बसणार?

*

पहिल्याच मीटिंगला घोटाळा झाला होता म्हणे. रावसाहेबांनी नियम खड्या आवाजात वाचला. मागे सतरंजीवर बायका बसलेल्या. त्या पिढीत नवराबायकोत दहा-बारा वर्षांचं अंतर असायचंच. रावसाहेबांच्या पत्नी सुशीलावहिनी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला गं, आपण सगळ्याच निघू. रात्रीचा भात कुणी टाकायचा तेवढं कमिटीने ठरवावं."

कमिटीने जागच्या जागी ठरवलं. मेंबरच्या बायकोला वयाची अट नाही! विरोधात एकही हात वर झाला नाही.

मुलीला मात्र सूट नव्हती. मुलींना भात येत नाही असं कमिटीला वाटलं असावं.

*

दम्यामुळे लवकर पेन्शनीत निघालेले एक तात्या होते. कागदावर त्यांचं वय त्रेपन्न. पूर्वी शाळेत नाव घालताना मुलाचं वय कमी सांगायची रीतच होती, पुढे नोकरी जास्त टिकावी म्हणून. तात्या कमिटीपुढे छातीवर हात ठेवून म्हणाले, "आमच्या वडिलांनी माझी तीन वर्षं चोरलीत. मी छप्पन्नचा आहे!"

"म्हणजे इतकी वर्षं सरकारला फसवलंत?" रावसाहेब गरजले.

"सरकारला वडिलांनी फसवलं. तुम्हाला मी खरं सांगतोय!"

रावसाहेबांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "कागद काहीही म्हणो, खरं वय ते खरं." तात्यांना घर मिळालं. त्यानंतर जो तो आपल्या वडिलांना खोटं पाडत अर्ज घेऊन यायला लागला!

*

आमचा वॉचमन धाकू, जवळच्याच गावचा, पंचविशीतला. आता पंचविशीचा माणूस आत कसा ठेवायचा? रावसाहेबांनी त्याची खुर्ची गेटच्या बाहेर मांडली.

एके दिवशी मागच्या कुंपणातून बकऱ्या शिरल्या आणि रावसाहेबांचा दुधीचा मांडव पार भुईसपाट करून गेल्या. रावसाहेब तणतणत गेटवर आले. "धाकू, तू काय करत होतास?"

"रस्ता राखत व्हतो, सायेब," धाकू म्हणाला. "बघा, रस्ता हाय तितंच हाय!"

*

थळ गावची हिरा आमच्याकडे मासळी घेऊन यायची. डोक्यावर टोपली, कडेवर तान्हं पोर. धाकूने तिला अडवलं. "पोराला आत न्यायचं न्हाय. पंचावन्नच्या आतलं चालत न्हाय हितं."

हिराने टोपली धाडकन खाली ठेवली. "व्हय का? आनि ह्यो बोंबील आज सकालचाच हाय. त्यो पंचावन्नचा कुटनं आनू?" आणि तिने बाहेर रस्त्यावरच दुकान मांडलं.

थोड्या वेळाने एकेक मेंबर ताटली घेऊन गेटबाहेर यायला लागला. मग ते रोजचंच झालं. हिरा मासळी कापायची, तोवर तिचं पोर आळीपाळीने सगळ्या पेन्शनरांच्या कडेवर. एकदा त्याने रावसाहेबांचा चष्मा ओढून फेकला, तरी रावसाहेब हसत होते. गेटच्या बाहेर होते ना, नियमात होते!

*

आता माझं. दर चौथ्या दिवशी सकाळी मी भाऊंना चहा देऊन, भात झाकून, ट्रंक उचलून वसाहत सोडायची. एस.टी.ने रेवसला जायची, धक्क्यावर चहा प्यायची, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे निघालेली लाँच बघायची आणि परतीच्या गाडीने यायची. गेटवर धाकू रावसाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "कोन पावनं?"

"कुसुम. भाऊंची मुलगी."

"पयल्यांदाच आलाव का?"

एकदा रावसाहेब स्वतः गेटवर होते. मोठ्या सभ्यपणे त्यांनी माझी ट्रंक उचलली, आणि उचलताना जवळजवळ मागेच पडले. "कुसुमताई, ही रिकामी आहे!"

"तीन रात्रींना लुगडी कितीशी लागतात, रावसाहेब?"

त्यांनी ट्रंक हळूच खाली ठेवली. पण संध्याकाळी मीटिंगची नोटीस लागली.

*

त्या मीटिंगला रावसाहेबांची आई, माई, पहिल्यांदाच आल्या होत्या. पालीचं घर सोडून त्या नुकत्याच लेकाकडे राहायला आल्या होत्या. दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या.

रावसाहेबांनी ठराव मांडला. पाहुण्याला वर्षातून एकदाच मुभा. कुणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

भाऊ माझा हात धरून उठले. "कुसुम गेली तर मीही जातो. फक्त गेट कुठल्या बाजूला आहे तेवढं कुणीतरी दाखवा."

मंडळी खाली बघायला लागली. रावसाहेब हात जोडून म्हणाले, "भाऊ, मला वाईट वाटतं हो. पण नियम म्हणजे नियम. पंचावन्नच्या आतला माणूस इथे राहणार नाही. मी स्वतः असतो तरी गेटबाहेर गेलो असतो!"

माईंचं सूप थांबलं. "मग तू कुठे जाशील रे बाळ्या?"

"माई, मी छप्पन्नचा आहे."

"कुठला छप्पन्नचा! घरात नुसता उच्छाद मांडायचास. म्हणून तुझ्या वडिलांनी तीन वर्षं वाढवून सांगितली आणि तुला शाळेत नेऊन बसवला. मला सांगतोस होय? जन्माला मी घातलाय!"

मग तात्या दम्याचा खोकला आवरत म्हणाले, "कागद काहीही म्हणो, खरं वय ते खरं. तुमचेच शब्द, रावसाहेब."

रावसाहेबांनी सुशीलावहिनींकडे पाहिलं. त्या माईंच्या सुपातला खडा वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला सूट आहे हो. मी राहते माईंजवळ."

ठरावाला हात वर करा असं कुणी म्हणालंच नाही. रावसाहेबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि मीटिंग संपली.

दुसऱ्या दिवशी माझा चौथा दिवस होता. सकाळी मी ट्रंक घेऊन रेवसच्या गाडीत चढले. रावसाहेब मांडीवर ट्रंक घेऊन आधीच बसले होते. त्यांनी सरकून मला जागा दिली.