मामांची झडती

जालन्यात राहणाऱ्या एकूण एक माणसाच्या खिशात काय दडलं असेल याचा माझ्या मामांना संशय होता आणि स्वतःच्या खिशात काय आहे याची मात्र पक्की खात्री होती. तिथे बिडीचं बंडल होतं. बाकी जगात खात्रीचं असं त्यांना काही दिसत नसे. स्टेशनातलं घड्याळ मास्तर आपल्या सोयीने मागेपुढे करतो, न्हावी मुद्दाम एक कल्ला मोठा ठेवतो म्हणजे आपण लवकर परत यावं, दूधवाली पाणी घालते ते घालते आणि वर मचूळ विहिरीचं घालते, असे त्यांचे सिद्धांत होते. रस्त्यात कुणी हसून रामराम घातला की मामा दहा पावलं पुढे जात आणि गर्रकन मागे वळून बघत. "माणूस उगंच हसत न्हाई," ते मला सांगत. "हसला की समजायचं, कायतरी लपवून राह्यला." मी खेड्यातून शिकून त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा त्यांनीच मला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी मिळवून दिली. शिफारस करताना ते मॅनेजरला म्हणाले होते, "सख्ख्या बहिणीचा पोरगा हाय, साहेब. नजर ठेवा." मॅनेजरने मला त्याच दिवशी कामावर घेतलं.

असा स्वभाव घेऊन दुसरा कुणी गावात मार खात हिंडला असता, पण मामांना त्याचा पगार मिळत होता. ते जिनिंगच्या फाटकावर जमादार होते. निजामाच्या राज्यात जालन्याला कापसाचा बाजार मोठा. दिवाळीपासून होळीपर्यंत आवारात कपाशीचे ढीग पत्र्याला टेकत. एक ठिणगी पडली तर सगळं खाक व्हायचं, म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक गड्याची फाटकावर झडती होई. बिडी आणि काडीपेटी तिथल्या लाकडी कपाटात जमा करायची आणि संध्याकाळचा भोंगा झाला की परत न्यायची. बायांची झडती घ्यायला वेगळी बाई होती. तिच्यावरही मामांचा संशय होताच. ते टोपीची घडी उलगडून बघत, भाकरी मोडून बघत. एकदा एका म्हाताऱ्याच्या पायाचं फडकं सोडून खाली खरोखर जखम आहे ना हे त्यांनी बघून घेतलं, आणि मग हळद आणवून, स्वतःच्या हाताने ते फडकं पहिल्यापेक्षा नीट बांधून दिलं. म्हातारा त्यांना दुवा देत आत गेला, तर हा एवढा दुवा का देतो म्हणून मामा दिवसभर बेचैन होते.

आणि हा माणूस स्वतः बिडीबाज. पण सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत पन्नास-साठ जणांच्या बिड्या पाठीमागच्या कपाटात ठेवून हे स्टुलावर बसत आणि एकाही बिडीला हात लावत नसत. दहा तासांचा तो उपास फाटकाबाहेर पाऊल पडताच सुटे आणि मग अंथरुणावर पडेपर्यंत पारणं चालू राही. मी एकदा विचारलं, "मामा, दिवसभर जमतं, मंग घरी काहून जमत न्हाई?" त्यांनी मला वेड्यात काढलं. "अरे, तिथं माझ्यावर नजर ठेवायला मी असतो. घरी कोण हाय?"

घरी मामी होती, आणि मामीला दमा होता. दोन खोल्यांचं घर, एक खिडकी, आणि मामा त्या खिडकीखालीच बसून ओढत. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरने मामांना समोर बसवून सांगितलं, "औषध मी देतो, पण घरातला धूर तुम्ही बंद करा. नाहीतर यांचे फार दिवस निघायचे नाहीत." वाटेत मामांनी मामीला गाठलं. "घरात बिडी असते हे त्याला काय ठाव? तुमी दोघांनी आधीच ठरवलं असंल." मामी धापा टाकत म्हणाली, "अवो, तुमच्या कोटाचा वास माझ्याआधी आत गेल्ता." मामांना ते पटलं नाही. पण त्या दिवसापासून ते घाबरले होते, हे मला दिसत होतं. बिडी पेटवायला ते अंगणात जाऊ लागले. मग धूर वाऱ्याने मुद्दाम आत जातो असं त्यांच्या मनाने घेतलं, म्हणून ते दर झुरक्याला उठून खिडकी तपासत, आणि तपासताना बिडी हातातच असे.

सोडायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं मात्र कुणी म्हणू नये. आम्ही चतुर्थीला बैलगाडीने राजूरला गेलो. गणपतीपुढे मामांनी शपथ घेतली आणि उरलेलं बंडल देवळाच्या पायरीवर ठेवून दिलं. दर्शन घेऊन बाहेर आलो तर पायरीवर बंडल नाही. झालं! मामा तपासाला निघाले. ओळीने सगळी दुकानं पालथी घातली आणि शेवटच्या दुकानात "हेच माझं बंडल, दोऱ्याची गाठ मी वळखतो" म्हणून भांडण काढलं. दुकानदार कबूल होईना, तेव्हा खात्री करायला त्यातली एक ओढून पाहिली. ती त्यांची नव्हती, पण शपथ तर मोडली होती. पुढे एका वैद्याने काढा दिला. त्याला तंबाखूचा वास येतो असा मामांना संशय आला आणि वास ताडून बघायला बिडी पेटवावी लागली. मग बंडल माझ्याकडे ठेवायचं ठरलं. रोज सकाळी ते बिड्या मोजून बघत. आठ दिवस एकही कमी भरली नाही, यावरून मी रात्री ओढतो आणि सकाळी नव्या आणून भरतो हे त्यांच्या दृष्टीने सिद्धच झालं. "तुझं वय कच्चं हाय, बिघडशील," असं म्हणून त्यांनी बंडल काढून घेतलं. मामीने फक्त आपली उशी खिडकीकडे सरकवून घेतली.

एका संध्याकाळी कापसाच्या वजनकाट्यावर काम वाढलं म्हणून मी मामांच्या मागून घरी पोचलो. मामी चुलीपासून थोडी बाजूला, भिंतीला पाठ लावून बसली होती. ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तरी हाताने ती आम्हाला खुणावत होती, काही नाही, काही नाही. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले होते. एका हाताने तिची पाठ चोळत होते आणि दुसऱ्या हातात बिडी जळत होती. मी ती काढून घेतली तेव्हा ते आपल्या रिकाम्या बोटांकडे बघत राहिले. "मी कव्हा पेटवली रे?" त्यांनी मला विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला त्यांची भयंकर चीड आली, आणि दुसऱ्याच क्षणी इतकी दया आली की मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा भोंगा झाला. गडी आपापली बंडलं घेऊन बाहेर पडत होते. त्यांच्यात सखाराम होता. हा शहागडकडचा गडी, हंगामापुरता यायचा आणि दाबाच्या यंत्रावर रुईच्या गाठी बांधायचा. बिडी आत नेताना मामांनी त्याला सात वेळा पकडलं होतं. काडीपेटी त्याच्याकडे कधीच नसे; त्याला ओढायची नव्हती, फक्त जमादाराला चकवायची हौस होती. दर वेळी जागा नवी काढायचा, म्हणून मामांना त्याचं आतून कौतुक वाटे आणि त्यांनी त्याला मॅनेजरपुढे कधी नेलं नाही. त्या संध्याकाळी मामा त्याच्यासमोर दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"घे माझी झडती."

सखाराम दोन पावलं मागे सरला. "जमादार, माझं काय चुकलं?"

"तुझं न्हाई, माझं. मी बिडी घेऊन घरी जायचं न्हाई. दुसरा कुणी माझं तोंड बघून सोडून देईल. तू पक्का बेइमान हायेस, तुला सगळ्या जागा ठाव हायेत. जल्दी कर."

सखारामने हळूच विचारलं, "वैनीसाठी का?"

"तुला कोण बोललं?" मामा ताडकन म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून आमच्या जिनिंगमध्ये सगळे आत येताना झडती देत आणि एकटे जमादार बाहेर जाताना देत. वाटेत टपऱ्या होत्या, म्हणून सखाराम घरापर्यंत सोबत येई आणि उंबऱ्यावर पुन्हा एकदा चाचपून घेई. मामांनी हे मनापासून मागितलं होतं, आणि तितक्याच मनापासून ते त्याला फसवायला बघत. वीस वर्षं लोकांची लबाडी पकडून जे जे शिकले होते ते सगळं त्यांनी पणाला लावलं. बिडी जोड्याच्या तळात निघाली, डब्यात ठेच्याखाली निघाली, कानामागे केसांत निघाली. सखाराम ती काढून चुरगाळून टाकी आणि म्हणे, "ही जागा माझी हाय, जमादार. परसाल काढल्ती मी." मामा चरफडत, पण दुसऱ्या दिवशी न चुकता हात वर करून उभे राहत. मला वाटतं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कामाचा माणूस भेटला होता.

महिना-दीड महिना असा गेला आणि एक दिवस सखारामला काहीच सापडलं नाही. "न्हाई काही," तो म्हणाला.

"असं कसं? असंलच. नीट बघ."

त्याने पुन्हा बघितलं. मामांचा विश्वास बसेना. "तू फितूर झालास," ते ओरडले. मग त्यांनी स्वतःच कोट काढून उलटा केला, टोपी झटकली, जोडे आपटले, सदऱ्याच्या शिवणी बोटांनी दाबून बघितल्या. कुठेच काही नव्हतं. सकाळी बिडी घ्यायचं ते चक्क विसरले होते. फाटकावरचे गडी काम झाल्यावरही घरी न जाता हा प्रकार बघत उभे होते आणि कुणीही हसलं नाही, कारण हसलं तर जमादाराला संशय येईल हे सगळ्यांना ठाऊक होतं.

होळीनंतर हंगाम संपला आणि जिनिंग बंद झालं. गावी जायच्या आधी सखाराम आमच्या घरी आला आणि ओसरीवर बसून त्याने मामीला रीतसर चार्ज दिला. "वैनी, आधी टोपी. मंग कानामागं. मंग कोटाचं अस्तर, ते वरून न्हाई, खालून दाबायचं." मामी पदर तोंडाला लावून ऐकत होती. मामा खांबाला टेकून दुसरीकडे बघत होते. सखाराम उठायला लागला तसं त्यांना राहवेना. "छत्रीची मूठ र्‍हायली की," ते रागाने म्हणाले. "अर्धवट शिकवून जातो काय?" सखारामने छत्रीची मूठ उघडून दाखवली. आत जुनी, वाळलेली एक बिडी होती. ती मामीनेच चुलीत टाकली.

तो पावसाळा मामीला बराच बरा गेला. विहिरीवरून घागर आणताना ती मध्ये बसायची, ते बंद झालं. शेजारणीकडे जाऊन बसू लागली, स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. ती रोज दारात मामांची झडती घेई आणि मामा आपले हात वर करून निमूट उभे राहत. पण थंडी पडली तरी मामी खोकत नाही म्हटल्यावर त्यांना नवीनच चिंता लागली. "ही खोकला दाबून राह्यली," ते मला बाजूला घेऊन सांगत. "तू ध्यान दे. मी आत आलो की ही तोंड फिरवते." मी त्यांचं बोलणं हसण्यावारी नेलं. धूर गेला, खोकला गेला, एवढं साधं सुख या माणसाला पचत नाही म्हणून चिडलोही.

मग एका दुपारी काट्याचं रजिस्टर विसरलं म्हणून मी अचानक घरी आलो, तर मामी घरामागच्या रिकाम्या गोठ्यात खुंट्याला धरून वाकलेली, आणि तोच जुना खोकला चाललेला. आधीइतका नाही, पण तोच. बराच वेळ तिला बोलता येईना. "ह्यांला सांगू नको," ती शेवटी म्हणाली. "निम्मा गेला बाबा, खरंच निम्मा गेला. पण त्यांला कळलं की राह्यला हाय, तर म्हणतील, मंग सोडून काय फायदा झाला? आन् पुन्हा पेटवतील. त्यांचा सोभाव तुला ठाव हाय." मी कुणाला सांगितलं नाही. आयुष्यभर घरच्या माणसांवर घेतलेल्या संशयांपैकी मामांचा हा एकच खरा होता, आणि तेवढाच मी त्यांच्यापुढे रोज खोटा पाडत राहिलो.

डॉक्टरने फार दिवस दिले नव्हते. मामांची बिडी सुटल्यावर मामीने पाच हिवाळे काढले. त्या पाच वर्षांत मामांनी बिडीला हात लावला नाही. ती गेली तेव्हा मला भीती वाटत होती की आता ते पुन्हा सुरू करतील. तेरावा झाला, पाहुणे गेले. दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मामांनी फाटकावर गड्यांकडे बघत तसं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरं सांग. ती दाबत होती का रं?"

"न्हाई मामा," मी म्हणालो. "बिलकुल न्हाई. तुमी बिडी सोडली आन् तिचा खोकला गेला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मला पकडणार, नेहमीप्रमाणे दहा प्रश्न विचारणार. त्यांनी एकही विचारला नाही. "बराबर," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटलं." आणि डोळ्यांवर पंचा ओढून घेतला.

पुढे मामा कैक वर्षं जगले, पण बिडी त्यांनी पेटवली नाही. त्या दुपारी त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, की मी मामीचा शब्द पाळतोय हे ओळखून त्यांनी मला तसंच जाऊ दिलं, हे मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आता तर विचारायला तेही नाहीत.