सतीआईच्या गोष्टीतली आई

तनुजा फोनवर "बरं चाललंय" म्हणते तेव्हा मागे कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. सासरचे तिला फोन स्पीकरवर ठेवायला लावतात. महिना झाला, तो श्वास माझ्या कानातून जात नाही.

माझी मुलगी कादंबरी लिहीत होती. तिचं सासर कात्रजच्या पुढे, आता महापालिकेत आलेल्या गावात. शेतं जाऊन इमारती झाल्या, पण वेशीवरचा सतीचा दगड राहिला. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलाय. ही सती म्हणजे त्या घराण्याची कधीकाळची सून. दर चैत्रात घरची सून तिथे हिरव्या बांगड्या वाहते, हलगी वाजते. लग्नानंतर पहिल्यांदा बांगड्या वाहताना तनुजाला प्रश्न पडला, हिचं वय काय असेल?

तीन वर्षं ती त्या सहाशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या मागे होती. दुपारी सगळे झोपले की लिहायची. त्या काळी आपल्याकडे मिरची आली नव्हती हे वाचल्यावर तिने आठ दिवस स्वतःपुरती मिऱ्याची आमटी केली. ती सती काय जेवत असेल ते जिभेला कळायला हवं, म्हणे. तिच्या सासूबाई, मुक्ताबाई, भावकीत सांगत सुटल्या, "आमची सून सहाशे वर्षांची हाय. फकस्त झोपायला आजची गादी लागती."

तनुजाची सती सोळा वर्षांची. ती चितेवरून उतरून ओढ्याकडे पळते. दीर केसांना धरून परत आणतो. तिचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून सासरा हात वर करून हलगीवाल्यांना खूण करतो, जोरात वाजवा. मुलीची आई कुंकवाचं ताट धरून खाली बघत उभी राहते.

हे प्रकरण तिने हाताने लिहून आधी मला दिलं होतं. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, "कोणती आई अशी उभी राहील? बदल."

पूर्ण कादंबरी टाइप झाल्यावर एक प्रत मीच पेढ्यांबरोबर व्याह्यांच्या, संपतरावांच्या हातात ठेवली. तनुजा म्हणाली होती, "आई, छापून होईपर्यंत थांब." पण त्यांच्या घराण्यावर पुस्तक, त्यांना अभिमान वाटेल असं मी धरून चालले. खरं तर मलाच मिरवायचं होतं. संपतरावांनी ती वाचली आणि चैत्रातल्या पूजेपर्यंत चकार शब्द काढला नाही.

पूजेला मलाही बोलावणं आलं. भावकीसमोर संपतराव म्हणाले, "लेखिकाबाई, आमची सतीआई राजीखुशीनं गेली. तिला फरफटत नेली म्हणता, तुमी बघायला गेला होता का?" लोक हसले. त्यांनी दगडापुढे ती प्रत पेटवली. जावई रणजितने तिच्या लॅपटॉपमधलं सगळं आदल्या दिवशीच पुसून टाकलं होतं. "बायकोला एवढा मोकळा वेळ दिला, चूक माझीच," तो पाहुण्यांना सांगत होता. मग तनुजाला दगडापुढे नाक घासायला सांगितलं.

"बाबा, एकदा माझं ऐका," ती म्हणाली.

संपतरावांनी हात वर केला. हलगी एवढी वाजायला लागली की तिचे नुसते ओठ हलताना दिसले. मुक्ताबाईंनी मान धरून तिला खाली दाबलं. वर उठली तेव्हा नाकाचं कातडं सोललेलं होतं.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कुंकवाचं ताट होतं. मी खाली बघितलं.

परवा फोनवर तिने विचारलं, "आई, ती पेन्सिलीची पानं आहेत का गं अजून?"

"कसली पानं?" मागून मुक्ताबाई.

"मसाल्याच्या कृतीची," तनुजा म्हणाली, आणि फोन कट झाला.

आहेत. सव्वीसच्या सव्वीस पानं माझ्यासमोर आहेत. समासातली माझी ओळ मी आत्ता खोडली.

सकाळी सातला ते सगळे चहाला एकत्र बसतात. तेव्हाच तनुजाला फोन करणार आहे. स्पीकरवर असेल तर उत्तमच. तुझं प्रकरण माझ्याकडे आहे आणि मी तुला न्यायला निघाले आहे, एवढंच सांगायचंय. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.