हिच्या थकव्याची मोजणी

एकतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. भूमी अभिलेखच्या नोकरीत आधी मोजणीची साखळी ओढली, मग नकाशाचं टेबल मांडलं, शेवटी शेवटी मशीन आलं. तिवस्यापासून नांदगाव खंडेश्वरपर्यंत असं शिवार सापडायचं नाही, जिथल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मी दोन भावांच्या मधोमध शिव्या खाल्ल्या नाहीत. त्यातून एक गोष्ट अंगात मुरली. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. माणूस सांगतो, आमचं शेत त्या बाभळीपर्यंत आहे. बाभूळ जागची हलत नाही, पण माणसाच्या बोलण्यात ती दर वर्षी हातभर सरकते.

बायकोच्या बाबतीत मात्र मी कधी काही मोजलं नव्हतं. ती अकोल्याच्या माळ्याच्या घरातली. लहानपणी बापाशेजारी भाजीबाजारात बसून मेथी-पालक विकलेली. आवाज असा की चार दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक वळून पाहायचं. लग्नानंतर भाजी विकणं सुटलं, आवाज राहिला, आणि तो ऐकायला गिऱ्हाईक म्हणून एकटा मी उरलो. गादीवर ओला टॉवेल टाकला, की सुरू. चप्पल उंबऱ्याच्या आत आली, की सुरू. साहेबाची बोलणी खाऊन मी ऑफिसात कधी खचलो नाही, त्याचं कारण घरचा सराव.

दोन वर्षांमागे भावाकडे अकोल्याला गेली असताना तिला न्यूमोनिया झाला आणि दोन दिवसांत त्याचा संसर्ग सगळ्या अंगात पसरला. सदतीस दिवस ती अतिदक्षता विभागात होती. त्यातले बरेच दिवस श्वास मशीनने घेतला. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली, त्यामुळे तोंडातून आवाज नाही. मी काचेबाहेर उभा राहायचो आणि ती डोळ्यांनी छताकडे बघत असायची. त्याहून जास्त मला त्या दिवसांबद्दल लिहायचं नाही.

अमरावतीला घरी आणली तेव्हा अंगावरचं मांस गेलं होतं, पण नळी निघाली होती, छिद्र बुजलं होतं, आणि खरखरीत का होईना, आवाज परत आला होता. मुलगा-सून महिनाभर राहून हैदराबादला गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने ओला टॉवेल तिच्या गादीवर टाकला. टाकल्याबरोबर जीभ चावली आणि मान खाली घालून वाट पाहिली. तिने टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू द्या."

चौतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी घाबरलो. काचेबाहेर उभा होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. घरी एक शांत, सोशिक बाई आली होती. पण माझी बायको आली होती की नाही, हे मला कळेना.

आठवड्यातून दोनदा एक फिजिओथेरपिस्ट मुलगी व्यायाम करून घ्यायला यायची. तिच्याजवळ एक छापील फॉर्म असे. त्यात थकव्याचे आकडे होते, शून्य ते दहा. शून्य म्हणजे थकवा नाहीच, दहा म्हणजे हातसुद्धा उचलवत नाही. ती मला समजावून म्हणाली, "काका, इतके दिवस आयसीयूत राहिलेल्या माणसाचा थकवा रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. त्यांना विचारूनच मोजावा लागतो. व्यायाम वाढवायचा की कमी करायचा, ते त्यावरून ठरतं."

मला हे पटलं नाही. मालकाला विचारून शेत मोजायचं ठरवलं, तर आपला जिल्हा समुद्रापर्यंत जाईल.

"काकू, आज थकवा किती?"

"दोन."

"नक्की दोन?"

"दोनच हाय व माय. तू चहा घे."

मुलगी चहा पिऊन, आकडा लिहून जायची. फाटक वाजलं की ही भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची, ती थेट चार तास. दर वेळी हेच. शेवटी मी विचारलं, "दोन काहून सांगतं तू?"

"मंग काय सांगू? पोरगी इतल्या उन्हाची आली. तिच्या तोंडावर म्हनू, मी थकली, तू जाय?"

आमच्या घरांत पाहुणा बसलेला असताना 'मी थकले' म्हणणं म्हणजे त्याला निघा म्हणणंच. बाई तापाने फणफणलेली असली तरी 'बसा ना, काय घाई आहे' एवढं म्हणेल आणि मगच पडेल. फॉर्म बनवणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसावं.

दर वेळी दोनच आकडा बघून मुलीने व्यायाम वाढवला. तिसऱ्या आठवड्यात गच्चीच्या पायऱ्या आल्या. चौथ्या पायरीवर ही बसली ती बसलीच. ओठ पांढरे पडले, मान माझ्या गुडघ्यावर आली. मुलगी नाडी धरून बसली होती, तिचाच चेहरा उतरला होता. "काकू, आता किती?"

डोळे न उघडता ही म्हणाली, "तीन."

त्या दिवशी मुलीने चहा घेतला नाही. फाटकाशी थांबून तिने मला विचारलं, "काका, आजाराआधी काकू असं काय करायच्या, जे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं आणि केल्याशिवाय राहवत नव्हतं?"

मी विचार केला. पोळ्या, पूजा, तुळशीला पाणी. हे सगळं ती कधी ना कधी चुकवायची. खरं ते सांगायला जरा लाज वाटली. "मले बोलायची," मी म्हणालो.

ती हसली नाही. "किती वेळ?"

"घड्याळ लावून कधी ऐकलं नाही."

"मग आता लावा. किती वेळ बोलल्या, मधे दम खायला किती वेळा थांबल्या आणि नंतर किती वेळ पडून राहिल्या, तेवढं लिहा. आणि फॉर्ममधला आकडा मी गेल्यावर तुम्ही विचारा. मुद्दाम चिडवायचं मात्र नाही हं."

हे शेवटचं वाक्य मला नीट ऐकू आलं नाही, असं धरा.

जुन्या सामानातून मी मोजणीची एक कोरी वही काढली आणि पाच रकाने आखले: कारण, वेळ, थांबे, विश्रांती, आकडा. पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी सारख्याच आहेत. टॉवेल. असू द्या. शून्य. आणि मी आकडा विचारला तर मलाही दोनच. आजारी पडल्यापासून बहुधा मीही तिला पाहुणाच वाटत होतो.

मग लक्षात आलं की कारणच चुकीचं निवडलंय. माळ्याच्या पोरीला भाजीनेच डिवचावं. मी बाजारातून जून भेंडी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. तिने एका भेंडीचं टोक मोडून पाहिलं. मोडेना. नुसतं वाकलं. "हे काय आनलं?" ती म्हणाली आणि डोळे मिटले. वहीत लिहिलंय: भेंडी, जून. तीन शब्द. विश्रांती दोन तास. त्या रात्री ती दोरखंडासारखी भेंडी मी एकट्याने चवीने खाल्ली.

पुढे बाजारात माझं नाव झालं. भाजीवाली म्हणायची, "काका, इकडचे घ्या, ते वांगे किडके हायेत." मी म्हणायचो, "किडकेच दे." ती शेजारणीकडे बघायची. पण किडक्या वांग्यांनी चाळीस सेकंद मिळवून दिले, दोन थांब्यांसह. सुकलेल्या मुळ्यांनी एक मिनिट. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, पिवळी पडलेली जुडी आणली, तेव्हा सव्वा मिनिट झालं, एकच थांबा, आणि विश्रांती तासाच्या आत. मी वही उघडून बघायचो आणि मला एकट्यालाच हसू यायचं.

मग एका रविवारी अकोल्याहून तिचा भाऊ घरच्यांना घेऊन आला. ते उठतात तोवर गल्लीतल्या बायका आल्या. ही दिवसभर उशीला टेकून बसली, सगळ्यांशी हसली, सगळ्यांना चहा घ्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी सडके टमाटे पुढे ठेवले. "असू द्या." तिसऱ्या दिवशीही तेच. व्यायामवाल्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "मागे नाही गेल्या, काका. चार दिवसांची ताकद एका दिवसात खर्च झाली. पाहुण्यांना अर्ध्या तासाच्या वर बसू देऊ नका."

सांगायला सोपं आहे. ही काही 'थकले' म्हणणार नव्हती. मग ते मीच म्हणायला लागलो. पाहुणे आले की पंचवीस मिनिटांनी जांभई द्यायची आणि म्हणायचं, "मी तं थकलो बाप्पा, पडतो आता." लोक उठायचे. रिटायर झाल्यापासून हा माणूस माणुसकीतून गेला, असं माझ्याबद्दल गावात झालं. झालं तर झालं. वहीतले आकडे पुन्हा वर चढत होते.

खरा दिवस उगवला तो माझी काही तयारी नसताना. अंघोळ करून आलो आणि विसरूनच, अगदी देवाशपथ विसरून, टॉवेल गादीवर टाकला.

"चौतीस वर्षं झाले सांगून राह्यली मी," ती म्हणाली, आणि थांबलीच नाही. टॉवेलवरून ती माझ्या आईच्या लाडांवर गेली, तिथून लग्नातल्या माझ्या उशिरा आलेल्या वरातीवर, तिथून परत चपलांवर. तीन मिनिटं दहा सेकंद, थांबा एक. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "काकू बऱ्या झाल्या वाटते." मी ओला टॉवेल छातीशी धरून उभा होतो. इतका आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता.

महिन्याभराने अकोल्याला तपासणी होती. व्यायामवाल्या मुलीने डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली होती. ती वाचून डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची ती वही दाखवा."

मी हिच्याकडे पाहिलं. सुटका नव्हती. डॉक्टरांनी पान उघडून मोठ्याने वाचलं, "भेंडी, जून. तीन शब्द... हे काय आहे?"

हिने हात लांब करून वही घेतली आणि एक एक पान उलटत गेली. "म्हंजे ते वांगे..."

"हो."

"अन् तो पिवळा सांबार?"

"तोही."

"मी म्हनो, मानसाची नजर गेली. डोकं फिरलं माह्या दुखन्यापायी. पोटात तुटे माह्या, मी मेली असती तं हा मानूस किडके वांगे खाऊन मेला असता. अन् तुमी घड्याय लावून बसले?" ही नुसती सुरुवात होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दारात सिस्टर येऊन उभी राहिली, ती तिथेच थांबली. याच इमारतीत वरच्या मजल्यावर सदतीस दिवस जिचा आवाज निघाला नव्हता, तिचा आवाज आता बाहेरच्या बाकांपर्यंत जात होता. माझी नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिने ते पाहिलं.

"किती झाले?"

"सहा मिन्टं वीस सेकंद."

"थांबली कितीक डाव?"

"एकदाई नाई."

ती खुर्चीवर टेकली. छाती वरखाली होत होती. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "काकू, आत्ता थकवा किती?"

मी मनात दोन म्हणून टाकलं. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आठ," ती म्हणाली. "लय थकली मी."

मी वही ओढून पेन काढलं, पण रकाना दिसेना.

"लिहा ना आठ," ती म्हणाली. "अन् आंधी डोये पुसा, वही ओली होऊन राह्यली. उरलेलं घरी गेल्यावर बोलीन."