खांद्यावरचा टॉवेल

"विनायकभाऊ, हे गेले..." फोनवर हबीबची बायको, आमच्या भाभी, एवढेच बोलल्या. त्या दिवसापासून दिग्रसमध्ये हबीबविषयी एकच वाक्य ऐकतो आहे : तो कधी पडला नाही. मिडलवेट गटातले राज्याचे विजेतेपद वर्षानुवर्षे राखणाऱ्या मुष्टियोद्ध्याची थोरवी म्हणून ते सांगितले जाते. मीही ते अभिमानाने सांगत आलो. आता ते मला सोसवत नाही.

कारण सुरुवातीचा हबीब मार सोसणारा नव्हताच. दिवसभर ट्रकखाली पडून काम करणारा हा मेकॅनिक रिंगणात उतरला की कोणाच्या ठोशाला सापडत नसे. डावा हात लांब, अर्धे पाऊल मागे, आणि समोरच्याचा तोल गेला की नेमका एकच ठोसा... त्याची खरी कमाई ती होती. मग कापसाची वाईट वर्षे आली. जिनिंग बंद पडले, बाजार ओस पडला, आणि मार खाऊनही उभा राहणारा माणूस गावाला हवासा वाटू लागला. हबीबचे पाय जड होत चालले होते, ठोसे चुकवता येईनासे झाले होते. आम्ही त्याला चिवटपणा म्हणालो.

त्याची शेवटची लढत कापूस बाजाराच्या रिकाम्या पटांगणात झाली. नेहमीप्रमाणे त्याच्या कोपऱ्यात मी होतो. हातांना पट्ट्या बांधताना तो हळूच म्हणाला, "विन्या, डोक्यात सारखं घूं घूं होऊन राह्यलं. तुह्याकडं पाह्यलं का टॉवेल टाकजो. मी काही थांबणार नाही."

"टाकतो," मी म्हणालो. कोपऱ्यातल्या माणसाने रिंगणात टॉवेल टाकला की लढत तिथेच थांबते.

तिसऱ्या फेरीत त्याने माझ्याकडे पाहिले. स्पष्ट पाहिले. मागे सारे गाव ओरडत होते, "हबीब पडत नाही!" त्यात माझ्या कार्यालयातले लोक होते, शेजारी होते. मी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला... आणि स्वतःचे तोंड पुसले.

तो वळला आणि शेवटपर्यंत उभा राहिला. गुणांवर जिंकलाही. लोकांनी त्याच्याबरोबर मलाही खांद्यावर घेतले.

पुढे त्याचा हात थरथरू लागला, पाना हातातून निसटू लागला, शब्द अडखळू लागले. त्याने मला कधी जाब विचारला नाही. गॅरेजात गेलो की मात्र खिळ्यावरचा स्वच्छ टॉवेल काढून हसत पुढे करी. "घे, पूस. साहेबाले घाम लई येते." मीही हसत असे. मग मी तिकडे जाणेच कमी केले.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर गॅरेजात गेलो. तेलाने काळ्या पडलेल्या भिंतीवर तो टॉवेल धुतलेला, पांढरा, तसाच टांगलेला होता. भाभींनी तो काढून माझ्या हातात दिला.

"शेवटी शेवटी पोरींची नावंही आठवत नव्हती त्यांना," त्या म्हणाल्या. "पण हा रोज धुवायले लावत. म्हणत, विन्या येईन."

चेहऱ्यावर घाम नव्हता. तरी मी तोंड पुसत राहिलो.