गौतमला ऐकू येत होतं

गौतम गेला ते मला दवाखान्याच्या लिफ्टवाल्यानं सांगितलं. मी सकाळी त्याच्यासाठी आंबील घेऊन गेले होते. लिफ्टवाला म्हणला, "अम्मा, उपर नक्को जाओ अब. नीचे ला रहें उनको." मी डबा घेऊन तिथंच बाकड्यावर बसले. रडले नाही. माझा धाकटा भाऊ, मीच वाढवलेला. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. नांदेडकडून आम्ही हैदराबादला आलो, गौलीगुड्यात एका खोलीत राहिलो. मी जामबागच्या मराठी शाळेत आयाचं काम धरलं, वर्ग झाडायचे, पोरांना पाणी द्यायचं. त्याच्यावर तो शिकला आणि सरकारी थेटरात ऑपरेटर झाला. सव्वा महिना झाला त्याला जाऊन. मी बोलते तसं शाळेतल्या बाई लिहून घेतायत.

ते थेटर लोकांसाठी नव्हतं. आपल्या शहरात पोरांच्या पिक्चरचा मोठा मेळा भरायचा, देशोदेशीचे पिक्चर यायचे. त्यातले कुठले घ्यायचे ते ठरवायला कमिटी बसायची आणि गौतम त्यांना पिक्चर दाखवायचा. टेबलावर घंटी असायची. पसंत पडलं नाही की साहेब घंटी दाबायचे, ती वर केबिनमध्ये वाजायची. वाजली की बंद करायचं, दुसरा लावायचा. काही पिक्चर तर दहा मिनिटं पण चालायचे नाहीत. पण गौतमला आदल्या दिवशी प्रत्येक पिक्चर शेवटपर्यंत तपासून ठेवावा लागायचा, मधे खराब तर नाही म्हणून. त्यामुळं कमिटीनं पाहिला नाही तो शेवट पण त्याला माहीत असायचा. संध्याकाळी चहा पिताना मला सांगायचा. मी जन्मात थेटरात चारदा गेले असेन, पण रशियाच्या पोरांचे पिक्चर मला माहीत आहेत.

राज्याचे दोन तुकडे होत होते, त्या दिवसांतली गोष्ट. ऑफिसात कपाटं, खुर्च्या, माणसं, सगळ्यांची वाटणी चाललेली. इकडं कोण, तिकडं कोण. तेव्हा परभणीच्या एका पोरीनं केलेला मराठी पिक्चर आला. आपल्याच समाजाची पोरगी, गौतमची ना ओळख ना पाळख. त्यात एक बाई शाळा झाडती. पहिली वीस मिनिटं नुसती झाडती, कुणी बोलत नाही. तिची पोरगी त्याच शाळेत, पण वर्गात आईला ओळख देत नाही. शेवटी मास्तर त्या बाईला "ए" म्हणतो तर पोरगी उभी राहती, म्हणती, ती माझी आई आहे, अहो म्हणा.

माझ्या हातातला चहा गार झाला. तीस वर्षं मला कुणी अहो म्हणलं नव्हतं.

गौतम म्हणला, "अक्का, उद्या दहा मिनिटांत घंटी वाजणार बघ."

मी म्हणलं, "वाजू दे की. ऐकू आली नाही म्हण."

तो हसला. "बहिरा होऊ म्हणती का?"

"हो म्हण. तसं पण माझं कधी ऐकतो तू?"

मी गमतीत बोलले होते... त्यानं तसंच केलं. घंटी तीनदा वाजली, मग शिपाई वर आला, तर केबिनला आतून कडी. खाली एक बाई मेंबर होत्या, त्या म्हणल्या, चालू द्या आता. पिक्चर शेवटपर्यंत झाला, घेतला गेला, आणि मेळ्यात परदेशी ज्युरीनं त्यालाच बक्षीस दिलं. त्या कार्यक्रमात कमिटीचे साहेब स्टेजवर म्हणले, आम्ही पहिल्या पाच मिनिटांतच हिरा ओळखला. गौतमनं टीव्हीवर पाहिलं. म्हणला, "हौ, तेच ओळखायला घंटी दाबत होते."

साहेबांनी त्याला सोडलं नाही. खुलासा मागितला. त्यानं लिहून दिलं, ऐकू आलं नाही. फायलीत चढलं, कानानं अधू. मग वाटणीची यादी लागली. इकडचे म्हणले, तुझं मूळ महाराष्ट्रातलं, इथलं नाही, त्या दुसऱ्या राज्याला विचार. तिकडचे म्हणले, मशीनवर बहिरा माणूस नको. दोन राज्यं झाली आणि माझा भाऊ एकातही बसला नाही. घरी बसवला.

मी म्हणलं, "जा, सांग खरं. डॉक्टरला कान दाखव."

"खरं सांगितलं तर म्हणतील जातवाल्यानं जातवाल्याचा पिक्चर मुद्दाम चालवला. त्या पोरीचं बक्षीस काढून घेतील, अक्का."

गल्लीत ऑफिसचे दोघं राहायचे. म्हणून तो गल्लीत पण बहिराच राहिला. दहा वर्षं. लोक कानाशी ओरडायचे, पोरं मागून नावं ठेवायची. घरात दार लावून माझ्याशी हळू बोलायचा. त्या पोरीला ह्यातलं काही माहीत नाही. तिनं मोठमोठे पिक्चर केले म्हणतात. चांगलं झालं.

दवाखान्यात तर बघायला येणारे त्याच्यासमोरच बोलायचे, आता दोन दिवस, चार दिवस. घरमालकाचा पोरगा पलंगापाशी उभा राहून मला विचारतो, "कमरा कब खाली करते अम्मा?" पोरगा बाहेर गेल्यावर गौतमनं डोळे उघडले. म्हणला, "तेला सांग, जास्त थांबायला नाही लागणार." ...मी त्याच्या पायावरची चादर नीट केली. दुसरं काय करणार?

परवा त्याची पेटी आवरली. तळाशी कानाचं मशीन निघालं. ऑफिसनं निरोपाला दिलेलं. त्या दिवशी मी गेले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गौतम मान खाली घालून बसला, कारण ऐकू आल्या असं दाखवता येत नव्हतं. बाजूचा म्हणला, "बेचारा, कुछ सुनताच नै." मशीनची वरची पन्नी पण त्यानं फाडली नाही.

आता मला खरंच कमी ऐकू येतं. ह्या लिहून घेणाऱ्या बाई म्हणतात, तेच लावा ना, नवं आहे. मी पेटीत परत ठेवलं. बाईंना म्हणलं, तुम्ही मोठ्यानं बोला.