टेस्मरबाईंच्या शेतावरची पंगत

आर्लिस टेस्मर यांनी एकतीस वर्षं आमच्या शाळेत दुपारचं जेवण रांधलं आणि वाढलं. मला तेव्हा वाटाणे आवडत नसत, मी ते मोज्यात कोंबायचो. हे त्यांना त्या वेळीही माहीत होतं, आणि आजही त्या गोदामात आल्या की आधी माझ्या पायांकडे बघतात. मी लायल. गावच्या बियाणं-पेंडीच्या गोदामात काउंटरवर असतो. त्यांनी गॉर्डी राशवर सूड कसा उगवला ते मीच सांगायला हवं, कारण बियाणं माझ्या हातून गेलं. त्याचा मला आजतागायत पश्चात्ताप झालेला नाही.

टेस्मरांचं शेत आणि गॉर्डीचं रान शेजारी-शेजारी, मध्ये तारेचं कुंपण. बाईंचे यजमान मिलो हे हळू आवाजाचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डाव्या शिंगाचं टोक दुभंगलेला हरणाचा एक नर त्यांनी चार वर्षं नुसता बघितला. लहान आहे, वाढू दे, म्हणत सोडून दिला. पाचव्या वर्षी ऑक्टोबरात त्यांनी बाण सोडला. बाण लागला, हरिण कुंपण ओलांडून गॉर्डीच्या रानात गेलं.

आमच्याकडे अशा वेळी कुणी कुंपण ओलांडत नाही. शेजाऱ्याच्या दारात जायचं, टोपी काढायची, विचारायचं. शेजारी कंदील घेऊन सोबत येतो आणि शोधायला मदत करतो. कायदा काय म्हणतो ते सोडा, बाप मुलाला पहिल्यांदा रानात नेतो तेव्हा बंदुकीच्याही आधी हे शिकवतो. मिलो गॉर्डीच्या दारात गेले, टोपी काढली. गॉर्डी म्हणाला, "अंधार पडलाय. सकाळी ये."

मिलो घरी आले आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. बूटसुद्धा काढले नाहीत. सकाळी गेले तर पानांवर रक्त, आतड्यांचा ढीग, आणि पिवळ्या पिसांचा अर्धा बाण. पिसं ते स्वतः चिकटवायचे, पिवळी, टर्कीची. तीन महिन्यांनी त्याच दुभंगलेल्या शिंगाचं मुंडकं भुसा भरून चौरस्त्यावरच्या बारमध्ये भिंतीवर चढलं. खाली पितळी पाटी: गॉर्डन राश, आणि तारीख. मिलोंनी एका शब्दाने कुठे तक्रार केली नाही. मार्चमध्ये त्यांचं हृदय बंद पडलं. अर्धा बाण बाईंच्या खिडकीत राहिला.

मे महिन्यात एका शुक्रवारी बार तळलेल्या माशांसाठी खच्चून भरला होता. बाई आल्या, गॉर्डीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. हातात पर्स, अंगात चर्चला जाताना घालायचा कोट.

"गॉर्डी, ते मुंडकं मिलोचं आहे. तुझ्या हातानं उतरव आणि माझ्या घरी आणून दे."

"आर्लिस, बस. मासे खा."

"नाही आणलंस तर नोव्हेंबरात बंदुकीनं शिकारीचा हंगाम असतो ते नऊ दिवस तुझ्या रानात हरिण उभं राहणार नाही. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही. तू आणून देईपर्यंत नाही."

गॉर्डीने काटा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे काय करणार? हरणांना जेवायला बोलावणार?"

"हो," बाई म्हणाल्या.

सगळा बार हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. बाईंनी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती.

जुलैच्या शेवटी गॉर्डी गोदामात आला. दरवर्षीसारखंच त्याला ओट हवं होतं, नुसतं ओट, हरणांना ओढायला मचाणासमोर पेरतो त्या सगळ्या चार एकरांसाठी. त्याच्या बायकोचे तीन भाऊ मिलवॉकीत राहतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला येतात. त्या दिवशी मचाणासमोरचं शेत मांडीएवढं हिरवंगार डुलताना मेहुण्यांना दिसलं पाहिजे, एवढंच गॉर्डीचं शेतीशास्त्र.

"गॉर्डी, एवढ्या लवकर पेरलंस तर ऑक्टोबरात त्याचं काड होईल," मी म्हणालो. "आणि कडक थंडी पडली की ओट मरतं."

"लायल, तुला पोती उचलायला ठेवलंय. उचल."

दरवर्षी हेच उत्तर मिळायचं. मी पोती उचलली.

दोन दिवसांनी टेस्मरबाई आल्या. माझ्या मोज्यांकडे बघितलं आणि एका पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "सगळं दाखव. मला चाखायचंय."

मी वाटीत वाटीत दाणे दिले. ओट, गहू, सातू, आणि राय, ज्याची काळी पावरोटी होते ते धान्य. त्यांनी एकेक दाणा दाढेखाली धरला. मी सांगितलं की हरिण दाणा नाही, कोवळं पान खातं. त्या म्हणाल्या, "मला कळतं. पण ज्यानं शिजवायचं त्यानं चव बघायची असते."

मग चौकशी सुरू झाली. सगळ्यात गोड कुठलं? ओट. ते कधी संपतं? जमीन दगड होईपर्यंत थंडी पडली की. सातूचं काय? तेही तसंच, थंडीला फार तग धरत नाही. गहू? बर्फाखालीही जिवंत राहतो, गोडही आहे, पण हरणं त्याचा लवकर फडशा पाडतात. आणि राय?

"राय मरत नाही," मी म्हणालो. "कसल्याही मातीत येते. बर्फ खुरानं उकरून हरणं ती खातात. पण चवीला साधी. शेजारी ओट असलं तर तिच्याकडे ढुंकून बघणार नाहीत."

बाई बराच वेळ वाटीतली राय बोटांनी फिरवत बसल्या.

"शाळेत केकचा दिवस असला की मसुराच्या सुपाला कुणी हात लावायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी काय करायची माहितीये? केक थोडाच करायची. पहिले वीस जण घ्यायचे, संपायचा. पण केकच्या आशेनं रांग तर लागलेली असायची. आणि रांगेत उभं राहिलेलं पोर रिकाम्या हातानं परत जात नाही. मुकाट सूप घेतं."

त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर जेवणाचा बेत लिहिला, अगदी शाळेचा लिहायच्या तसा. ऑगस्टच्या मध्याला ओटचा एक पट्टा, तोही कुंपणाजवळ नाही, आत, गोठ्याच्या मागे, म्हणजे पाय इकडे वळतील. सप्टेंबरच्या सुरुवातीला गहू. आणि बाकी सगळी राय, निम्मी तेव्हाच, निम्मी पंधरा दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरात एक तरी ताट वीतभर कोवळं असेल.

"आणि गॉर्डीनं काय नेलं?" त्यांनी विचारलं.

"नुसतं ओट."

"कधी पेरतोय?"

"पेरून झालं असेल."

बाई हसल्या नाहीत. पर्स उघडली, त्यातून पेपरमिंटची गोळी काढून मला दिली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी गोळी दिली नव्हती.

गळ्यात अडकवून हाताने दांडा फिरवायचं पेरणीयंत्र असतं, ते घेऊन एकाहत्तर वर्षांच्या बाई शेतात चालल्या. मी रोलर ओढून दिला. एका पट्ट्यात त्यांनी राय इतकी दाट टाकली की ती दाटीनेच पिवळी पडली. तो पट्टा त्यांनी बडबड न करता उलटवला आणि पुन्हा पेरला. मिलोंचा मोठा कोट घालून रोज संध्याकाळी त्या बांधावर उभ्या राहायच्या. मी एकदा विचारलं, थकवा येत नाही का? म्हणाल्या, "राग आहे ना, त्यावर चालतं."

सप्टेंबरात गॉर्डीच्या ओटाचे मेहुण्यांनी फोटो काढले. ऑक्टोबरात त्याला ओंब्या आल्या आणि देठ दाभणासारखे झाले. महिना संपता संपता तीन दिवस सलग कडाक्याची थंडी पडली आणि त्या चार एकरांचा भिजलेला पुठ्ठा झाला. कुंपणाच्या अलीकडे टेस्मरबाईंची राय हिरवीगार उभी होती.

बंदुकीचा हंगाम शनिवारी उघडला. बाईंनी आपल्या शेतात कुणालाच शिकारीला परवानगी दिली नव्हती, मलासुद्धा. त्यामुळे तिकडे खाणंही होतं आणि बंदुकीचा आवाजही नव्हता. गॉर्डी आणि तिघे मेहुणे नारिंगी कोट घालून मचाणावर बसायचे आणि दुर्बिणीतून कुंपणापलीकडे बघायचे. बुधवारी त्यांनी एकवीस हरणं मोजली, सगळी बाईंच्या शेतात, सगळी खाली मान घालून चरणारी. गुरुवारी सणाच्या टर्कीच्या जेवणाला धाकटा मेहुणा म्हणाला, "गॉर्डीभाऊजी, पुढच्या वर्षी आम्ही त्या म्हाताऱ्या बाईंकडेच उतरतो. तिथं निदान जेवायला मिळतं." हे गॉर्डीच्या बायकोनेच मला सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

शेवटच्या रविवारी दुपारी मी बाईंकडे कोंबड्यांचं खाद्य द्यायला गेलो होतो. अडीचच्या सुमाराला गॉर्डीच्या रानातून बंदुकीचा बार झाला. कुंपणावरून दोन हरणं उडाली. एक गोठ्याच्या बाजूने पसार झालं. दुसरं रायमध्ये दहा पावलं गेलं आणि पडलं. बाईंनी मिलोंची दुर्बीण डोळ्याला लावली आणि बराच वेळ बघितलं. मग दुर्बीण कपाटात ठेवून दिली आणि कॉफी टाकली.

पंधरा मिनिटांत दारावर टकटक झाली. गॉर्डी उभा होता, टोपी हातात.

"आर्लिस, माझं हरिण तुझ्या शेतात पडलंय."

"असं होय?"

"मोठं आहे. शिंगांना दहा टोकं. मी स्वतः बघितलं."

"तू बघितलंस म्हणजे असणारच."

"मग जाऊ का आणायला?"

बाईंनी कपात कॉफी ओतली. मला दिली, स्वतःला घेतली. त्याला विचारलं नाही.

"सकाळी ये," त्या म्हणाल्या.

मी गॉर्डीला लहानपणापासून ओळखतो. त्याचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. तो एकदा खिडकीतल्या पिवळ्या पिसांकडे बघत होता, एकदा जमिनीकडे.

"आर्लिस, रात्रीत कोल्हे काही ठेवणार नाहीत."

"नाही ठेवणार. रात्रीत बरंच काही नाहीसं होतं." त्या खुर्चीवर बसल्या. "नाहीतर एक कर. बारमध्ये जा. मिलोचं हरिण घेऊन ये. मग तुझं ने."

"आज रविवार आहे. टीव्हीवर सामना चालू आहे. सगळं गाव असेल तिथं."

"म्हणूनच म्हणते."

तो गेला. मी मनात म्हणत होतो, ये, आणून दे, तुझ्या हातानं. पाऊण तासाने त्याची गाडी आली. नंतर कळलं की तो भर सामन्यात स्टुलावर चढला तेव्हा कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला होता. दोघांनी विचारलं कुठे नेतोस, तर म्हणाला, "ज्याचं त्याला." एवढं म्हणायला त्याला वर्षाहून जास्त लागलं.

बाईंनी त्याला लोणी लावायची सुरी दिली. पितळी पाटीचे स्क्रू त्याने टेबलावर बसून काढले. पाटी बाईंनी कोंबड्यांच्या उष्ट्या-खरकट्याच्या डब्यात टाकली.

"आता चल," त्या म्हणाल्या.

आम्ही तिघे रायमध्ये गेलो. कुंपणापलीकडे तिघे मेहुणे उभे होते. हरिण कुशीवर पडलं होतं, दीड वर्षांचं पोरगं, डोक्यावर करंगळीएवढे दोन खुंट. दहा टोकांचं ते गोठ्याच्या बाजूने केव्हाच पळालं होतं. पलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं.

गॉर्डी हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं."

"मिलोची दुर्बीण चांगली आहे."

"सांगितलं का नाहीस?"

"तू घरी येऊन दहा टोकांचं म्हणालास. दारात आलेल्याला खोटं कसं पाडायचं?" बाई वाकल्या, त्याने तुडवलेली राय हाताने सरळ केली. "उचल. माझी राय मोडतेय."

त्याने ते पोरगं खांद्यावर घेतलं आणि मेहुण्यांच्या देखत कुंपण ओलांडलं. मला त्या वेळी आनंद झाला. अगदी पोटातून.

ते मुंडकं बाईंनी घरात लावलं नाही. मिलोंना भिंतीवर डोकी टांगणं आवडत नसे. गोठ्यामागे, ओटाचा पट्टा होता तिथं खड्डा खणून त्यांनी ते पुरलं, अर्ध्या बाणासकट. खड्डा मी खणला. मला वाटलं, संपलं.

पुढच्या जुलैत गॉर्डी गोदामात आला, इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "तिनं काय पेरलं होतं?" मी खरं ते सांगितलं. राय. त्याने रायच्या पोत्यात हात घालून बघितला. मग म्हणाला, "राय सप्टेंबरात दिसेल का मांडीएवढी? मेहुणे येतात." मी म्हणालो, नाही दिसणार. "मग ओटच दे," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात टेस्मरबाई आल्या. माझे मोजे बघितले, पोत्यावर बसल्या.

"राय दे. मागच्यापेक्षा दोन पोती जास्त. आणि गहू बिनकुसळाचा दे. जूनमध्ये ओंबीला कुसळ असलं की हरणं तोंड लावत नाहीत ना?"

"नाही लावत. पण जूनमध्ये कशाला? आणि बाई, मुंडकं तर मिळालं. त्यानं आणून दिलं. तुम्ही भर बारमध्ये शब्द दिला होता, आणून देईपर्यंतच म्हणून."

"ते मिलोचं होतं. मिलोचं मिलोला मिळालं." त्यांनी राय मुठीत घेतली आणि परत वाटीत सोडली. "त्या रात्री तो बूट घालून खुर्चीत बसला होता आणि मी समोर बसले होते. सकाळपर्यंत. तो दर थोड्या वेळानं म्हणायचा, गॉर्डी चांगला माणूस आहे, सकाळी दोघं मिळून शोधू. मिलोला माझ्याजवळ शेवटचा ऑक्टोबर मिळाला आणि त्यातली एक रात्र अशी गेली. ती माझी होती. ती गॉर्डीला कुठल्या भिंतीवरून उतरवता येणार आहे?"

त्यांनी कॅलेंडर उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. मागच्या वर्षी बेत ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत होता. या वेळी बाराही महिने लिहिलेले होते.